पाय टेकवायचा टोल

"आज तो शब्द काढायचा नाही," पातेल्यावर झाकण ठेवत ओलिवा म्हणाली.

"कुठला शब्द?" डेलमिरोने विचारलं.

कुठला ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण बोलण्याला प्रश्नानेच उत्तर द्यायचं ही या मुलखाची जुनी रीत, आणि डेलमिरो रीत मोडणाऱ्यातला नव्हता. ओलिवाने डाव त्याच्याकडे रोखला आणि बजावलं, की पोरगा पहिल्यांदा घरी जेवायला येतोय, त्याला सूप प्यायला मिळू दे, लॅटिन नको.

डेलमिरोने एकोणतीस वर्षं महामार्गावरच्या टोलनाक्यावर काढली होती. काचेच्या खोक्यात बसायचं, पैसे घ्यायचे, सुट्टे परत द्यायचे आणि "प्रवास सुखाचा होवो" म्हणायचं. त्यावर लोक जे बोलायचे ते जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखं नसायचं. नोकरीच्या अकराव्या वर्षी एक वाकलेले प्राध्यापक नाक्यावर आले. त्यांची नाणी सीटखाली घरंगळली. ती शोधता शोधता, मागे भोंगे वाजत असताना, त्यांनी डेलमिरोला 'पेआशे' या टोलच्या शब्दाची कुळकथा सांगून टाकली. मूळ लॅटिनमधलं, पाय या शब्दापासून निघालेलं. फ्रेंचांनी ते घासूनपुसून घेतलं आणि तिकडून ते आपल्याकडे आलं. दुसऱ्याच्या जमिनीवर पाय टेकवायचा तर त्याचं द्यायचं ते पेआशे. त्याआधी आपल्याकडे वेशीच्या दरवाजाचा कर असायचा, त्याला वेगळं नाव होतं.

त्या दिवसापासून डेलमिरो खुर्चीत ताठ बसू लागला. तोवर त्याला वाटायचं आपण खोक्यातला माणूस आहोत. आता कळलं की खोक्याला घराणं आहे. पुढची अठरा वर्षं त्याने ही कथा भेटेल त्याला ऐकवली. गावात ती न ऐकलेला एकही जीव उरला नाही. दोन वर्षांपूर्वी खोक्यात यंत्र बसलं आणि डेलमिरो घरी बसला. यंत्र पैसे बरोबर मोजायचं, पण त्याला शब्दाचं मूळ माहीत नव्हतं, याचं डेलमिरोला मनापासून वाईट वाटायचं.

आजच्या जेवणावर मात्र बरंच काही टांगलेलं होतं. डेलमिरोची एकुलती एक लेक नोएला विगो शहरात भाड्याने राहायची. घरमालक घर विकायला निघाला होता. आता एकतर शहरात दुसरं घर बघायचं, नाहीतर इथे, आईबापांच्या डोक्यावर, रिकाम्या वरच्या मजल्यावर यायचं. तिचा होणारा नवरा ब्रेइशो विमा कंपनीत होता आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करायचा. "रविवारी तो बघेल, मग ठरवू," नोएला फोनवर म्हणाली होती. डेलमिरोने सगळा हिवाळा वरच्या मजल्यावर घालवला. खिडक्या बदलल्या, जमीन घासली, चेस्टनटच्या झाडांकडे तोंड असलेली खोली निळी रंगवली. गावात एकेचाळीस घरं होती आणि धूर चौदांतून निघायचा. त्याला वरच्या मजल्याचा पंधरावा धूर हवा होता. आयुष्यात दुसरं काहीएक त्याला इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

आणि तरीही त्याने गुरुवारी एलादिओच्या बारमध्ये माती खाल्लीच.

झालं असं, की तिथे कुणीतरी टोल वाढल्याचं बोललं. डेलमिरोने तात्काळ पाय, लॅटिन, फ्रेंच सगळं काढलं. लोक नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघू लागले, म्हणून त्याने नवी पुरवणी जोडली. आपल्या गावची पीसोची रीत म्हणजे तरी काय, तो म्हणाला. परगावचा पोरगा आपल्या गावच्या मुलीच्या मागे आला, आपली जमीन तुडवली, की गावातल्या पोरांना वाइन पाजायची. पाजली नाही तर हौदात बुचकळायचं. तोही पाय टेकवायचा टोलच. म्हणजे महामार्ग आज आला, पेआशे आपल्याकडे आधीपासून आहे.

वीस वर्षांत पहिल्यांदाच लोकांनी माना वळवल्या. बारवाला एलादिओ, स्वित्झर्लंडहून परतलेला सुसो आणि कोंबड्या पाळणारा फिरमिनो, तिघे पासष्टीच्या आसपासचे, बोटांवर वर्षं मोजू लागले. शेवटची पीसो कधी झाली हे कुणालाच आठवेना. मुली बाहेर जायच्या, पण कुणाच्या मागे कुणी आत येत नव्हतं.

"तुझ्या नोएलाचा तो रविवारी येतोय म्हणे," एलादिओ म्हणाला.

"येतोय."

"मग देईल ना तो?"

"न द्यायला काय झालं?" डेलमिरो म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तूही दिलीच होतीस तुझ्या वेळी," सुसो म्हणाला. डेलमिरो शेजारच्या खोऱ्यातला. अडतीस वर्षांपूर्वी ओलिवाच्या घरात घरजावई म्हणून आला, तो इथलाच झाला. सुसोच्या वाक्यावर त्याने वाइनची वाटी तोंडाला लावली आणि ती संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

शनिवारी त्याचं डोकं ताळ्यावर आलं. शहरातला मुलगा, तोही विम्यातला. नोएलाने कळवलं होतं की त्याच्या पायाला प्लास्टर आहे. कुणीतरी पायरीवरून घसरल्याची भरपाई मागितली होती, आणि त्या पायरीवरून कुणी घसरूच शकत नाही हे बघायला ब्रेइशो गेला होता. डेलमिरो पीसोचा बेत रद्द करायला बारमध्ये पोचला, तर तिघांनी निलगिरीचा लांब दांडका तासून त्यावर टोलनाक्यासारखे लाल-पांढरे पट्टे मारून ठेवले होते. "खास तुझ्यासाठी," फिरमिनो म्हणाला. रंग अजून ओला होता. डेलमिरो बेत न मोडताच मागे फिरला. घरी येऊन त्याने ओलिवालाही सांगितलं नाही.

रविवारी दीड वाजता नोएलाची गाडी चढण चढून आली आणि कपडे धुवायच्या हौदापाशी थांबली. दोन खोक्यांवर दांडका आडवा होता आणि त्यामागे तिघे उभे होते. सुसोने तर बापाची हॅट घातली होती. डेलमिरो भिंतीच्या आडोशाला होता. सगळं दोन मिनिटांत हसतखेळत उरकेल अशी त्याची आशा होती.

नोएलाने काच खाली केली. "बाबा, हे काय आहे?"

डेलमिरो पुढे झाला. त्याने थोडक्यात सांगितलं, की जुनी रीत आहे, मजा आहे, हो म्हणायचं आणि पुढे जायचं. शेजारच्या सीटवरून ब्रेइशोने वाकून बघितलं. चष्मा लावलेला शांत पोरगा होता. चिडला वगैरे अजिबात नाही. उलट त्याला गोडी वाटलेली दिसली, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

"नेमकं द्यायचं किती?" त्याने विचारलं.

"गावातल्या सगळ्या तरुणांना पुरेल एवढी वाइन," एलादिओ म्हणाला.

"तरुण किती आहेत?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "आम्हीच," सुसो म्हणाला आणि हॅट सारखी केली.

"आणि नाही दिली तर?"

सगळ्यांची नजर आधी हौदाकडे गेली, मग प्लास्टरकडे. मग ब्रेइशोने त्याच्या धंद्यातला साधा प्रश्न विचारला, की हे पैसे कशाबद्दल घेतले जातात.

नोएलाने बापाकडे बघून मान हलवली. नको, अशी. पण वीस वर्षांत डेलमिरोला हा प्रश्न आपणहून कुणी विचारला नव्हता. त्याला मोह आवरला नाही. त्याने पाय सांगितला, लॅटिन सांगितलं, फ्रेंच सांगितलं, वेशीचा दरवाजाही सोडला नाही. ब्रेइशो शेवटपर्यंत मन लावून ऐकत होता.

"म्हणजे आकारणी पायावर आहे," तो म्हणाला. "मग मी बसत नाही यात. हा पाय सहा आठवडे जमिनीला लावायचा नाही, डॉक्टरचं लेखी आहे. दुसरा गाडीत आहे."

तिघे बाजूला जाऊन कुजबुजले. परत येऊन फिरमिनोने जाहीर केलं की एक पाय बाद धरून निम्म्यावर तोडायला हरकत नाही. ब्रेइशो म्हणाला की निम्म्याला आधार काय. तेवढ्यात मागे पावाची गाडी येऊन उभी राहिली.

पाववाली एरुंदिना नदीपलीकडची. ती उतरून आली आणि काय चाललंय ते तिने ऐकून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, की मी अकरा वर्षं रोज येते, चौदा दारांशी उतरते, दोन्ही पायांनी. माझं काय ते सांगा, म्हणजे उद्यापासून पाव कुठून आणायचा तेही ठरवा. पावाला सूट आहे, असं तिघांनी एका दमात सांगितलं. ब्रेइशोने खिशातून छोटी वही काढून ते टिपून घेतलं.

तिच्यामागे फादर प्लासिदोंची गाडी आली. त्यांच्याकडे पाच गावं होती आणि पुढच्या गावची प्रार्थना वीस मिनिटांवर होती. खिडकीतूनच त्यांनी विचारपूस केली. शब्दाच्या मुळाबद्दल डेलमिरोचं म्हणणं बरोबर आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला, पण धर्मगुरूंना असल्या करांतून पूर्वीपासून माफी असे, हेही सांगून टाकलं.

"आणखी कुणाला असे?" ब्रेइशोने अदबीने विचारलं.

"यात्रेकरूंना," फादर म्हणाले. आणि मग त्यांना दिसलं, की ब्रेइशोने कुबडी यात्रेकरूच्या काठीसारखी खिडकीबाहेर काढून उभी धरली आहे.

एरुंदिना हसली. फादरही हसले. नोएला मात्र हसली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत होती.

"मी याला सांगितलं होतं, आमच्याकडे शांत माणसं राहतात," ती म्हणाली. "बाबा, आम्ही जातो परत. जेवायचं पुन्हा कधीतरी बघू."

तिने गाडी मागे घ्यायला गिअर टाकला, पण मागे पाव होता आणि पावामागे धर्म. पुढे दांडका. डेलमिरोने मागची रांग पाहिली. आयुष्यभर रांगा पाहिलेला माणूस तो, पण ही आपल्या हाताने लावलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निळी खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"एलादिओ, उचल तो दांडका," तो म्हणाला.

"तूच म्हणालास देईल म्हणून," एलादिओ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. "सगळ्यांनी दिलीय. माझ्या मेव्हण्याने दिली. तू दिलीस. मग याला का नको?"

"मी दिली ते जाऊ दे."

"का जाऊ दे? कधी दिलीस रे तू? मी त्या साली लष्करात होतो. सुसो होता."

"मी झुरिकला होतो," सुसो म्हणाला. "फिरमिनो होता."

"माझा हात मोडला होता, मी लुगोच्या इस्पितळात," फिरमिनो म्हणाला. "मला तर एलादिओने पत्रात कळवलं, दिली म्हणून."

"मला सुसोने कळवलं."

तिघांच्या माना सावकाश डेलमिरोकडे वळल्या. डेलमिरोने दांडक्याच्या पट्ट्यांवर लक्ष केंद्रित केलं. पांढऱ्यात एक केस चिकटला होता.

"त्याने दिली नाही," वरून आवाज आला.

घराच्या रस्त्यावरच्या सज्जात डेलमिरोची सासू बसलेली होती. मॅक्सिमिनाबाई अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. कानाने कमी आणि डोळ्यांनी जास्त अशी त्यांची ख्याती होती. अडतीस वर्षांत त्यांनी जावयाला एकदाही बरं म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे आता आपली सालटी निघणार, अशी डेलमिरोची खात्री झाली.

"रस्त्याने आलाच नाही तो कधी," त्या म्हणाल्या. "माझ्या कोबीतून यायचा. दोन वर्षं, दर रविवारी. तीस-चाळीस गड्डे तुडवले असतील."

सुसोने हॅट काढली. कोबी रानडुकरं तुडवतात, असं मॅक्सिमिनाबाई त्या काळात गावभर सांगत, आणि तोही मान डोलावून रानडुकरांना शिव्या देत असे. मागचं फाटक मोडकं आहे, कडी नाही, म्हातारीच्या ध्यानात येत नाही, या भरवशावर त्याने ओलिवा मिळवली होती. आयुष्यात एकदाच कुणालातरी फसवलं, अशी ती त्याची खाजगी मिळकत होती.

"सेन्योरा, तुम्हाला माहीत होतं?" डेलमिरोने विचारलं.

"कडी मीच काढली होती," मॅक्सिमिनाबाई म्हणाल्या. "अजून आहे माझ्या खणात."

पावाच्या गाडीचं इंजिन एरुंदिनाने बंद केलं.

"या आळीतल्या पाच पोरी गेल्या होत्या. दोन जर्मनीला, तीन स्वित्झर्लंडला. माझी एकच होती आणि तिनेही पेटी भरायला घेतली होती. तेवढ्यात हा यायला लागला, ठिगळाच्या बुटांनी. गावचे टोळभैरव रस्त्यात वाइन मागत उभे. याच्या खिशात काय होतं? मागे वळला असता आणि परत दिसला नसता." म्हातारीने दम खाल्ला. "पाय टेकवायचे पैसे घेतात म्हणे. पाठीवर घेऊन आत आणला असता मी त्याला. आता उचला ते लाकूड, सूप निवतंय."

डेलमिरोला काय वाटलं ते नीटसं सांगता येणार नाही. अडतीस वर्षं जी बाई आपल्याला घरात सोसते आहे असं तो समजत होता, तिने आपल्यासाठी कडी काढून ठेवली होती. डोळे भरून आले, म्हणून तो हौदाकडे तोंड करून उभा राहिला.

ब्रेइशोने वही मिटली. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो वरच्या मजल्याकडे बघत होता. "आतून निळी दिसतेय, तीच का ती खोली?" त्याने नोएलाला विचारलं. ती हो म्हणाली. मग तो एलादिओला म्हणाला, "संध्याकाळी बारमध्ये येतो मी. सगळ्या तरुणांना वाइन माझ्याकडून. निम्मी नाही, पूर्ण."

"कशाबद्दल म्हणून?" फिरमिनोने विचारलं. त्याला आता तपशिलाची चटक लागली होती.

"भरपाई," ब्रेइशो म्हणाला. "इतकी वर्षं कुणी आलं नाही त्याची."

"आपलं अजून ठरलेलं नाही," नोएला म्हणाली, पण गिअर तिने पुढचा टाकला होता.

दांडका डेलमिरोनेच उचलला. गाडी हळूच पुढे सरकली, लेकीचा चेहरा समोर आला, आणि सवयीने त्याचं तोंड उघडलं, "प्रवास—". त्याने पुढचे शब्द गिळले. एकोणतीस वर्षांत त्याने लाखो माणसांना जायला सांगितलं होतं. "चला, घरी चला," तो म्हणाला.

नोएला गेली, मागून पाव गेला, फादर हात हलवत गेले. शेवटची गाडी गेल्यावर डेलमिरोने दांडका खाली ठेवला. हाताला वळण तेच. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिघे आतल्या बाजूला आहेत आणि आपण बाहेरच्या. एलादिओ दांडक्यावर ऐसपैस बसला.

"अडतीस वर्षांची बाकी आहे तुझी," तो म्हणाला.

"पाकीट घरी आहे."

"मग घेऊन ये की."

"जाऊ कुठून?"

"तेच आम्हीही बघतोय," सुसो म्हणाला आणि एलादिओच्या शेजारी टेकला.

डेलमिरोने थोडा विचार केला. मग तो हौदाला वळसा घालून भिंतीच्या कडेने खाली उतरला आणि ओढ्याच्या काठाने घराच्या मागे आला. कोबी यंदा चांगला धरला होता. फाटकाला त्याने हात लावला, तर ते आपोआप आत गेलं. या खेपेला त्याने एकही गड्डा न तुडवता, सरीसरीतून, म्हाताऱ्या माणसासारखी पावलं टाकली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, ब्रेइशोची कुबडी वरच्या मजल्याच्या जिन्यावर ठकठक वाजत होती.

मॅक्सिमिनाबाई आता मागच्या खिडकीत येऊन उभ्या होत्या.

"पाय पुसून ये," त्या म्हणाल्या.